अनुभव धागा: कविता तुमच्याकडे कुठल्या वाटेनं आली?

ओसरीवरची:

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. लग्न झालं की जेजुरी, बारसं झालं की जेजुरी, नवी गाडी घेतली की तिच्या बॉनेटला भंडारा लावायला पुन्हा जेजुरी. नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायची रीत आहे. आमच्या ह्यांनी पाचव्या पायरीवर मला खाली ठेवलं आणि "बाकीच्या पुढच्या वर्षी" म्हणाले. थोडक्यात, जेजुरी ही माझ्या लेखी कंबर दुखायची जागा. तिथं कविता असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

२००९ साली फोर्टात फुटपाथवर एक पातळसं इंग्रजी पुस्तक दिसलं, नाव 'जेजुरी'. मला वाटलं, परदेशी पाहुण्यांसाठी काढलेली देवस्थानाची माहिती असेल. साठ रुपयांना घेतलं, लोकलमध्ये उघडलं, तर आत कविता. एस.टी.नं जेजुरीला जाण्यापासून ते रेल्वे स्टेशनात ताटकळण्यापर्यंतच्या. कवी अरुण कोलटकर. कोल्हापूरचा जन्म, जे. जे.त चित्रकला, जाहिरातीच्या धंद्यात नाव काढलेला माणूस. पुस्तक १९७६ चं, त्याला दुसऱ्या वर्षी राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळालेलं. हे सगळं मला नंतर कळलं. लोकलमध्ये एवढंच कळलं की हा माणूस आमच्याच देवळात फिरतोय आणि मी कधी न बघितलेल्या गोष्टींपाशी थांबतोय.

त्यात एक यशवंतराव आहे. मुख्य देवळाच्या बाहेरचा, बाहेरच्या भिंतीच्याही बाहेरचा, दुय्यम दर्जाचा देव. हात नाहीत, पाय नाहीत, नुसता काळा दगड, पण मोडलेल्या हातापायांचं तो बघतो. पुढच्या खेपेला मी सासूबाईंना सहज विचारलं, इथं यशवंतराव कुठाय हो? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचा हात मळणीयंत्रात सापडला तेव्हा मी ह्यालाच बोलले होते. तुला कुणी सांगितलं?" तोवर मी सात वेळा त्या दगडासमोरून गेले होते. चपला सांभाळत.

तर धागा यासाठी. कविता ज्ञानेश्वरांची असो नाहीतर परवा कुणी मोबाइलवर लिहिलेली असो, ती तुमच्याकडे भलत्याच वाटेनं आली असेल तर लिहा. गाण्यातून, चित्रातून, नाटकातून, दुकानाच्या पाटीवरून, कशीही. दोनच विनंत्या. 'माझ्या आवडत्या दहा कविता' अशा याद्या नकोत. आणि अख्खी कविता उतरवू नका, ओळ-दोन ओळी पुरे.

निळी शाई:

मी चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना स्मरणचित्र शिकवायचं तर विषय ठरलेले: आठवड्याचा बाजार, गणपती विसर्जन, पावसातला बसस्टॉप. एका वर्षी मराठीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि नववीचे त्यांचे तास माझ्या गळ्यात पडले. मला काय शिकवता येतंय! बालकवींची 'औदुंबर' फळ्यावर लिहिली, आठच ओळी, आणि म्हटलं, काढा चित्र.

दहा मिनिटांत सगळ्यांचा झरा, टेकडी, चार घरं काढून झाली. मग एक मुलगी उठली. "सर, आपण उभं कुठं राहायचं?" म्हणजे काय? तर म्हणे, ऐल तट आणि पैल तट दोन्ही दिसतायत, टेकडीकडचं गाव दिसतंय, म्हणजे आपण उंचावर आहोत. पण शेवटी झाडानं पाण्यात पाय सोडलेले दिसतात, म्हणजे आपण पाण्याशी आहोत. मग नक्की कुठं?

मी खडू घेऊन तिला समजवायला गेलो आणि फळ्यासमोर नुसताच उभा राहिलो. तिचं बरोबर होतं. आधी सगळं लांबून दिसतं. मग गाव, मग गावापुढची शेतं, मग त्यांच्यातून ती पांढरी पायवाट अडवीतिडवी होत निघते आणि बघणाऱ्याला आपल्याबरोबर डोहाशी घेऊन येते. वीस वर्षं मी पोरांना एकाच जागी बसून काढायला शिकवतोय, आणि हा माणूस आठ ओळींत आपल्याला टेकडीवरून उतरवून पाण्याशी बसवतो. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला तेव्हा अठ्ठावीसचाही नव्हता.

रंगांचं तर वेगळंच. निळासावळा, हिरवी, पांढरी, काळ्या. इथवर रंगपेटीत भागतं. पुढं 'गोड काळिमा' येते आणि पेटी संपते. काळ्यात काय घातलं की तो गोड होतो? कुणी प्रशियन ब्लू घातला, कुणी क्रिमसन, एकानं सरळ शाईचं पेन झटकलं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं सगळं चित्र रंगवलं आणि डोहाच्या जागी कोरा कागद सोडला. का रे? "जमंना सर. मग उगं घाण कशाला करायची?"

ते चित्र माझ्याकडे आहे. मार्क किती दिले ते विचारू नका, लाज वाटते.

खडीसाखर:

हसणार नसाल तर सांगते. 'आयुष्यावर बोलू काही'च्या तिकिटांच्या रांगेत मी मैत्रिणीसाठी उभी होते, तिला ताप आला, मग मीच गेले. दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन म्हटलं, संदीप खरेंसारखं अजून काही द्या. ग्रंथपाल द्वाड माणूस. त्यांनी 'नक्षत्रांचे देणे' काढून दिलं. घरी येऊन वाचायला घेतलं तर इथं कुणी माझ्याशी बोलायला आलेलंच नाही, हा गृहस्थ स्वतःशीच काहीतरी पुटपुटतोय आणि मी दाराआडून ऐकतेय. परत करायला निघाले होते. तेवढ्यात आई म्हणाली, आरती प्रभू म्हणजे 'ये रे घना'वाले ना? ते गाणं मला पाठ होतं, रेडिओमुळे. ते कुणीतरी लिहिलेलं असणार, हा विचारच कधी मनाला शिवला नव्हता. पुस्तक तीनदा मुदत वाढवून ठेवून घेतलं.

भीमाकाठ:

आमची मावशी कर्जत तालुक्यात दिलेली, नगर जिल्ह्यातलं कर्जत. वय त्र्याऐंशी. अक्षरओळख नाही.

पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम उभं केलं होतं, त्यात गावोगावच्या बायकांनी गायलेल्या लाखावर ओव्या जमल्या. त्यातली रेकॉर्डिंग आता मोबाइलवर ऐकता येतात. दिवाळीत मावशीला लावून दिली. कुठल्यातरी लांबच्या गावची बाई गात होती. मावशीनं थोडा वेळ ऐकलं, मोबाइल मांडीवरून खाली ठेवला आणि पुढची ओळ स्वतःच म्हटली. मोबाइलमधली बाई भलतंच गायली. मावशी म्हणाली, "चुकली ती."

मग तिचं तिचं सुरू झालं. त्यातली एक ही:

सरलं दळण, सरलं म्हणू कशी
सासर-माहेरी माझ्या भरल्या दोन्ही राशी

मी शहाण्यासारखं विचारलं, सरलं तर सरलं म्हणायला काय हरकत आहे? तिला माझी कीव आली असावी. बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढवली म्हणतो. नारळ वाढवतो, दुकान वाढवतो. निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तसं दळणाला सरलं म्हणत नाहीत. जातं ऐकत असतं.

इथवर ठीक होतं, असलं पुस्तकातही मिळतं. मग बोलता बोलता बाहत्तरचा दुष्काळ निघाला. दिवसभर खडी फोडायची, दुपारी सुकडी, रात्री मिलोची भाकरी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, तिकडं ती डुकरांना घालतात असं तेव्हा लोक म्हणायचे. जात्याला रोज लागतील एवढे दाणेही नसायचे. दळायला बसेपर्यंत संपायचं.

म्हटलं, मावशे, तेव्हाही म्हणायचीस हीच ओवी?

"मग? तवाच तर म्हणायची. राशी भरलेल्या असताना कोण कशाला म्हणंल?"

एम.ए.ला मी उपरोधावर वीस मार्कांची टीप लिहिली होती. कुठल्या कुठल्या कवींचे दाखले दिले होते.

पाऊणशे:

सगळे गाण्यातून नि चित्रातून आलेले दिसतात. मी पुस्तकातूनच आलो, पण फारशा सभ्य मार्गानं नाही. आमच्या काकांच्या कपाटात एका पुस्तकाला वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं होतं आणि ते मागच्या रांगेत ठेवलेलं होतं. या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला झाला होता, हे मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर आलेलं. वय पंधरा. घरचे लग्नाला गेल्यावर खिडकीशी बसून अधाशासारखं उघडलं. मर्ढेकरांच्या 'काही कविता', १९४७. पहिली अर्धी दुपार 'तसलं' काही सापडतंय का ते शोधण्यात गेली. सापडले ते पिपात मेलेले उंदीर. खटल्यातून मर्ढेकर निर्दोष सुटले होते हे नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मला फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. रात्री जेवताना उंदीर डोक्यातून जाईनात.

खिळेजुळारी:

मिरजेत डीटीपीचं दुकान आहे. वडिलांचा खिळ्यांचा, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायचा छापखाना होता, ट्रेडल मशीन, खिळे ठेवायच्या लाकडी केसी. जुळाऱ्याला अक्षर कायम उलटं दिसतं, त्यामुळं वडील कविता उलटीच वाचायचे, आणि सुलटी छापून आली की म्हणायचे, आता नीट लागत नाही. एका गावकवीचा संग्रह जुळवताना 'ळ' चे खिळे कमी पडले. वडिलांनी कवीला बोलावून सांगितलं, दोन ठिकाणचं 'आभाळ' काढा आणि 'आकाश' घाला. कवी दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, एका ठिकाणी आकाशच बरं वाटतंय, दुसऱ्या ठिकाणी मात्र आभाळच पाहिजे. वडिलांनी सांगलीहून एक 'ळ' उसना आणला.

हे मी विसरून गेलो होतो. माझा धंदा पत्रिका, कार्यअहवाल, मयताची कार्डं. संगणकावर 'मंगल' हा फॉन्ट असतो बघा, पंचवीस वर्षं मी त्याला नाकं मुरडत आलोय. गिऱ्हाईक घरून मंगलमध्ये टाइप करून आणतं आणि आम्ही तो बदलतो, कारण कागदावर तो अगदीच सरकारी पत्रासारखा दिसतो. पोरगा पुण्याला अप्लाइड आर्टला गेला. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, बाबा, मंगल कुणी काढलाय माहितीये? र. कृ. जोशींनी. 'उल्का' या जाहिरात कंपनीत कलादिग्दर्शक होते, मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायचे, २००८ मध्ये गेले. आणि ते कवी होते.

कवी म्हणजे? तर त्यानं अक्षरांच्या कविता दाखवल्या. वाचायला फारसं काही नाही. अक्षर कुठं ठेवलंय, केवढं जाड आहे, दोघांत फट किती आहे, तीच कविता. दुसरा कुणी बघून म्हणाला असता की ही काय कविता. मला मात्र पटकन लागली, कारण माझा सगळा जन्म फटी कमीजास्त करण्यातच गेलाय. त्या रात्री दुकान वाढवताना (भीमाकाठ, तुमच्या मावशींना नमस्कार) एका रिकाम्या पानावर 'आभाळ' टाइप केलं आणि 'ळ' ला उचलून पार पानाच्या तळाशी नेऊन ठेवलं. मंगलमध्येच. छापून वडिलांच्या फोटोमागं ठेवलाय तो कागद.

मांडवीपार:

फोंड्याची. शाळेत सुगम गायनाच्या बाईंनी एक ओवी बसवून घेतली होती, 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा'. खड्यांमध्ये जसं रत्न, तशी भाषांमध्ये मराठी. बाई म्हणाल्या ज्ञानेश्वरांची. मीही वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत भाषणांत ती ज्ञानेश्वरांच्या नावावर ठोकून देत होते. बँकेत मराठी दिनाला फळ्यावर लिहिली, खाली ठळक अक्षरात 'संत ज्ञानेश्वर', तेव्हा सासष्टीची एक सहकारी माझ्या टेबलाशी आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "ही आमच्या पाद्रीची."

ख्रिस्तपुराण. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातून आलेला जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि इथलाच झाला. पुस्तक १६१६ मध्ये रायतूरला छापलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या, आणि सगळं रोमन लिपीत. मी लगबगीनं फळा पुसला.

मग आमचा जेवणाच्या सुट्टीतला उद्योग सुरू झाला. तिला देवनागरी भरभर वाचता येत नाही. मला रोमन वाचता येतं, पण तिथं 'एक्स' म्हणजे 'श', बाकीचं स्पेलिंगही पोर्तुगीज वळणाचं, त्यामुळं दर शब्दाला ठेच. मी देवनागरी आवृत्ती आणली, तिनं तिच्या घरातली रोमन. एक ओवी ती वाचायची, तीच मी. अर्थ अडला की कधी माझ्या आजीचा शब्द कामी यायचा, कधी तिच्या आजीचा. बेथलेहेमची गोष्ट ज्ञानेश्वरीच्या चालीत ऐकताना डब्यातली आमटी निवायची. वर्षभरात फार तर दीडशे ओव्या झाल्या असतील. मग तिची बदली झाली. माझं पुस्तक त्याच पानावर आहे.

लष्करवाला:

आम्ही ग्वाल्हेरचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि आमचं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे गालातल्या गालात हसतात. लहानपणापासून एक न्यूनगंड होता की मराठी कविता म्हणजे तिकडची, आपण आपले उपरे. वडील गेले तेव्हा तेराव्याला कुणीतरी लताबाईंचं 'जन पळभर म्हणतील' लावलं. कवी भा. रा. तांबे, एवढं माहीत होतं. नंतर त्यांची समग्र कविता हाती आली. तांब्यांची कविता छापताना छंदाची जाती, राग, ठिकाण, तारीख असं सगळं टिपून ठेवलेलं असतं. मी ठिकाणं वाचत गेलो आणि एका पानावर सापडलं, 'लष्कर-ग्वाल्हेर'. दुसऱ्या पानावर पुन्हा. आमचा मोहल्ला! तांबे वारले तेही इथंच, १९४१ मध्ये. बायकोला हाक मारून ते पान दाखवलं. ती म्हणाली, कविता तरी वाचलीत का? नव्हती वाचली.

भैरवी:

आईकडे किशोरीताईंची कॅसेट होती, 'अवघा रंग एक झाला'. मी कथक करते. दहा वर्षांपूर्वी या अभंगावर एक नृत्य बसवलं. पूर्ण मेहनतीनं. 'रंगी रंगला श्रीरंग'ला चक्करदार, 'मी तूंपण गेले वाया'ला समोरच्या अदृश्य माणसाच्या डोळ्यांत बघत एकेक पाऊल मागं. शेवटी सूर विरत जातात तेव्हा मी पाठमोरी होऊन चालत जायचे, प्रकाश मंद. टाळ्या हमखास.

सोलापूरला प्रयोगानंतर एक वयस्क बाई विंगेत आल्या. छान झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "फक्त शेवटच्या ओळीला तुम्ही पाठ का केलीत?"

शेवटची ओळ कुठली? मला खरंच आठवेना. माझ्यासाठी तिथं नुसता सूर होता. त्यांनी म्हणून दाखवली: 'पाहते पाहणे गेले दूरी, म्हणे चोखियाची महारी.'

सोयराबाई. चोखामेळ्याची बायको. जिला देवळाच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती, जिच्या नवऱ्याची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेरच आहे. साऱ्या अभंगात ती म्हणते रंग एक झाला, मीतूंपण गेलं, आणि शेवटी सही करताना आपली जात घालून सही करते. नेमकी त्याच सहीकडे मी शेकडो लोकांसमोर पाठ फिरवून निघून जात होते.

त्यानंतर ती ओळ तीनदा बदलून पाहिली. हात जोडले की ती विठ्ठलाची होते, तिची राहत नाही. समोर ताठ उभी राहिले तर भाषण दिल्यासारखं दिसतं. एकदा जमिनीवर बसले, तेही खोटं वाटलं. सध्या तो अभंग कार्यक्रमात घेत नाही.

भीमाकाठ:

@भैरवी, काही करू नका. ओळ संपेपर्यंत जिथं असाल तिथं थांबा, बस्स. आणि घ्या कार्यक्रमात.

थंडगार:

नेदरलँड्समध्ये लायडनला शिकत होतो तेव्हाची गोष्ट. तिथं घरांच्या भिंतींवर कविता रंगवलेल्या आहेत, शंभराच्या वर, ज्या भाषेतली कविता त्याच भाषेत नि लिपीत. १९९२ मध्ये सुरुवात झाली ती मरीना त्स्वेतायेवाच्या रशियन कवितेनं. पहिल्या हिवाळ्यात मला त्या गावात एकही ओळखीचं माणूस नव्हतं. सायकलीवरून रोज एका भिंतीपुढून जायचो, लिपीसुद्धा ओळखू यायची नाही, तरी तिथं वेग कमी व्हायचा. महिनाभरानं स्वयंपाकघरात फ्रिजवर मार्करनं इंदिरा संतांच्या दोन ओळी लिहिल्या. मराठी कविता स्वतःहून लिहून काढायची ती पहिलीच वेळ, शाळेत शिक्षा म्हणून लिहिल्या होत्या त्या सोडून. खोलीतला पोलिश मुलगा रोज चहा करताना त्यांच्याकडे बघायचा. अर्थ त्यानं कधी विचारला नाही. घर सोडताना मी पुसायला गेलो तर म्हणाला, राहू दे.

हॅलो_चेक:

मी साउंडवाला. मंडप, लाइट, स्पीकर, जनरेटर. लग्नं, उरूस, निवडणुका, आणि हिवाळ्यात साहित्य संमेलनं. कवितेच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त वेळ बसलेला प्रेक्षक मीच असतो, कारण माल गोळा केल्याशिवाय मला जाता येत नाही. चाळीस कवी, समोर पंधरा माणसं, त्यातली बारा कवींच्या घरची, असं किती वेळा बघितलंय. प्रत्येकाला दोन मिनिटं सांगितलेली असतात आणि प्रत्येकजण 'प्रस्तावना थोडक्यात सांगतो' म्हणतो.

मिक्सरवर बसलं की माणूस तोंड उघडायच्या आधीच कळायला लागतं. जो माइक हातात घेऊन टकटक करतो तो बहुतेक ओरडणार. जो माइकपासून वीतभर लांब उभा राहतो त्याचा आवाज मला वर घ्यावा लागतो, मग शिट्टी वाजते, पण कविता बहुतेक त्याचीच बरी असते. असं माझं मत, वाद घालू नका.

जामनेरच्या बाजूला एकदा रात्री साडेबारा वाजता, केबल गुंडाळायला घेतल्या होत्या, तेव्हा यादीत नाव नसलेल्या एक आजी स्टेजवर चढल्या. निवेदक घरी गेलेला. त्यांनी माइककडे बघितलंच नाही, बाजूला तोंड करून बहिणाबाईंचं 'अरे संसार संसार' म्हणायला लागल्या, आपल्या खानदेशी बोलीत, 'मियते भाकर' वगैरे. हे गाणं मी हजारदा लाउडस्पीकरवर वाजवलं असेल. पण त्या म्हणत होत्या तेव्हा मी हेडफोन लावून होतो आणि पहिल्यांदाच ऐकू आलं की त्या ओळीत 'स' किती आहेत. संसार संसार जसा. तव्यावर पाण्याचा थेंब टाकल्यासारखं होतं कानात. पुढं 'चुल्ह्यावर', मग 'चटके' आणि 'भाकर'.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. माइक तपासताना तीन गोष्टी बघायच्या: 'स' टोचतोय का, 'च' आणि 'ट' फाटतायत का, आणि 'भ'ला हवा लागून धप्प आवाज होतोय का. त्यासाठी लोक हॅलो हॅलो, वन टू थ्री करतात, त्यात यातलं काहीच धड कळत नाही. मी त्या रात्रीपासून बहिणाबाईंच्या त्याच दोन ओळी म्हणतो. आधी हाताला चटके, इथं ट्रेबल खाली. भाकर, इथं बेस कापायचा. चाळीस सेकंदांत माइक तयार.

परवा एका नेत्याच्या सभेला सकाळी सात वाजता रिकाम्या मैदानात म्हणत होतो. खुर्च्या मांडणारी पोरं थांबली. त्यातल्या एकानं विचारलं, "पुढचं येतं का?"

येत नव्हतं. दोनच ओळी येतात मला. संध्याकाळी त्याच्याकडूनच घेतलं लिहून.